पाठीवर कढई कशी घ्यावी

हाँगकाँगच्या कचेरीत रुजू होताना कॅन्टोनीज येत नसली तरी चालेल, पाठ मजबूत हवी. आपल्याकडे चुकीचं खापर डोक्यावर फुटतं. एकदा आवाज झाला की तुकडे झाडून मोकळं होता येतं. तिथे ती सोय नाही. तिथल्या भानगडीला म्हणतात 'वॉक', म्हणजे दोन कानांची लोखंडी कढई. ती फुटत नाही. ज्याच्या पाठीवर चढली त्याने 'मे वॉक' केलं. हे 'मे' तान्ह्या पोराला पाठुंगळी बांधण्यासाठीही वापरतात, तेव्हा कढईही तितक्याच मायेने सांभाळावी.

सुरुवात बैठकीत होते. साहेब गिऱ्हाइकासमोर 'पाक सम हाउ' करतात: छातीवर थाप मारून हमी. छाती त्यांची, पाठ कुणाची हे विचारू नये. थाप पडताच शेजारची मंडळी 'से बोक' करू लागतील. एक खांदा किंचित खाली, की वजन आपसूक घरंगळलं. तुमचे खांदे शाळेतल्या कवायतीने ताठ झालेले. कढई तिथेच येणार.

पुढचा धडा आहाराचा. न केलेली चूक निमूट पदरात घेणं म्हणजे 'सिक सेइ माउ', मेलेलं मांजर खाणं. (मांजराला तिथेही माऊच म्हणतात. अख्ख्या भाषेतला एवढाच शब्द मला घोकावा लागला नाही.) सूर मात्र जपावा. 'सेइ' खालून वर चढवला तर 'मेलेलं', सपाट ठेवला तर 'चार'. एकाने भागत असताना चार मागवू नयेत. शाकाहारी असल्याची सबब चालत नाही.

'द्या इकडे, मी बघतो' असं आपण होऊन म्हणणाऱ्यांसाठी वेगळा वाक्प्रचार आहे. त्यात शेणाहून वाईट पदार्थ अंगाला फासला जातो. इथे देत नाही.

उरलं 'बोउ वॉक', कढईला ठिगळ लावणं, आणि 'चप साउ मेइ', कामाची राहिलेली शेपटं आवरणं. हे रात्री साडेआठला, बाकीचे जेवायला गेल्यावर करावं. तक्ता उघडावा, तिसऱ्या ओळीतलं जास्तीचं शून्य खोडावं, ते ज्याने टाकलं त्याच्या वतीने माफीचं पत्र लिहावं, खाली सही आपली करावी.

निघताना साहेब 'शाब्बास' म्हणून पाठीवर थाप मारतील. ठण्ण आवाज आला तर दचकू नये.