प्रेरणेचे घाऊक पुरवठादार अध्यक्षसाहेब यांस



मधुमेहाने माझा डावा पाय गुडघ्याखालून नेला, त्याबद्दल त्या रोगाला मी पत्र लिहिणार नाही. त्याने निदान ‘पॉझिटिव्ह राहा’ असं तरी सांगितलं नाही. ते पुण्यकर्म आपण केलंत. टाके निघायच्या आत शहाळं घेऊन आलात, “वहिनी, रडायचं नाही हं!” असा हुकूम सोडलात आणि मुरलीकांत पेटकर सांगायला घेतलेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा जवान, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. टाळ्या! शहाळं फोडून होईस्तोवर गोष्ट संपलीसुद्धा.

पदकाचं साल तेवढं सांगायचं राहिलं. १९७२. मधली सात वर्षं कुठे सांडलीत, साहेब? मग अरुणिमा सिन्हा. २०११मध्ये धावत्या रेल्वेतून ढकललं, पाय गेला, २०१३मध्ये एव्हरेस्ट. त्यांना दोन वर्षं लागली. मला आपण पंधरवडा मंजूर केलात. उदार आहात.

जे पेटकरांच्या गोष्टीत बसत नाही ते सांगते. डाव्या पायातलं जोडवं नर्सने कागदाच्या पुडीत बांधून दिलं. ते उजव्या पायात चढवावं की कपाटात ठेवावं, हे न सुचून मी अख्खी दुपार रडले. पाय कापायच्या कागदावर सही करताना रडले नव्हते. रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते. हात जातो आणि चादर लागते. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला पायाचा नकाशा अजून पुसलेला नाही. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी यावर आरशाची युक्ती काढली आहे: आरशात उजवा पाय डाव्यासारखा दिसतो, तो हलवला की मेंदू फसतो आणि काहींची कळ उतरते. म्हणजे खुद्द माझ्या मेंदूलाही पाय गेल्याचं अजून पटलेलं नाही. त्यालाही एखादा व्हिडिओ फॉरवर्ड करता का?

असो. एव्हरेस्ट राहू दे, आपल्या इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. उंची दीड फूट. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे रॅम्प १८ फुटांचा. माझा अर्ज “इमारतीची शोभा जाईल” म्हणून आपण फायलीत निजवलात. दिव्यांग हक्क कायदा २०१६पासून आहे, पण शोभेपुढे कायदा काय! त्या १८ फुटांतले बरेचसे आपल्या गाडीच्या जागेतून जातात, हा निव्वळ योगायोग.

रविवारच्या सभेत ‘जिद्दीच्या वहिनी’ म्हणून माझा सत्कार ठरलाय असं कळलं. शाल नको. गाडी तेवढी सकाळीच हलवा, मिस्त्री साडेदहाला माप घ्यायला येतोय.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी