लाल बटण दाबण्याचे किती घ्यावेत?

घरगुती उपकरणे दुरुस्त करण्याच्या धंद्यात पडू पाहणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेले बरे, की यातला दुरुस्तीचा भाग सोपा आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स असतो. तो मन लावून केला की मोटर, थर्मोस्टॅट, कंडेन्सर यांची ओळख होते. पिशवीत मिक्सर घेऊन येणाऱ्या काकूंची ओळख मात्र तिथे कोणी करून देत नाही, आणि धंदा चालायचा तो त्यांच्यावर.

जागा लहान असावी. एक माणूस बसेल आणि उरलेल्या जागेत पंखे रचता येतील एवढा गाळा पुरतो. पाटीवरच्या नावात श्री, साई, समर्थ यांपैकी एकाला घ्यावे. खाली दुरुस्त होणाऱ्या वस्तूंची यादी द्यावी. जे येत नाही तेही त्या यादीत घालावे, कारण ते येणारा कोणीतरी दोन गल्ल्या सोडून बसलेला असतोच.

अवजारांत टेस्टर, पक्कड, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न हे सगळ्यांना माहीत असते. नवशिका चुकतो तो सिरीज बल्बपाशी. लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट बसवायचे, होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावायचा, आणि फेजची वायर बल्बमधून फिरवून सॉकेटला द्यायची. आलेली वस्तू भिंतीतल्या प्लगला न लावता आधी इथे लावावी. पंखा लावल्यावर बल्ब मंद पेटला तर आतला रस्ता ठीक आहे. पेटलाच नाही तर वायर कुठेतरी तुटली आहे. भक्कन पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, आणि थेट लावला असता तर अख्ख्या गल्लीसमोर आपल्या दुकानाचा फ्यूज उडाला असता. इस्त्री, गीझर अशा जास्त वॅटच्या वस्तूंना मात्र बल्ब एरवीही जोरात पेटतो, तिथे मीटर लावून ओहम मोजावेत. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. पिवळे बल्ब हल्ली सहज मिळेनासे झाले आहेत, दिसतील तिथे दोन-चार घेऊन ठेवावेत.

आता गिऱ्हाईक. ते दुकानात आल्यावर पहिले वाक्य बोलते, “कालपर्यंत छान चालत होता हो.” हे खरे मानावे. दुसरे वाक्य असते, “कोणी हातसुद्धा लावला नाही.” इथे वस्तू शांतपणे उलटी करून स्क्रू मोजावेत. चारपैकी तीन असले आणि एकाच्या डोक्यावर सुरीचे ओरखडे असले, तर घरात एक इंजिनियर आहे असे समजावे. बहुधा जावई. त्याबद्दल चकार शब्द काढू नये, चौथा स्क्रू आपल्या डबीतला लावावा. “नुसता घूं करतो” म्हणजे मोटरला वीज मिळते पण काहीतरी अडकले आहे. “वास येतो” म्हणजे वाइंडिंगवरचे वॉर्निश जळते आहे, खुर्ची द्यावी. “ठिणग्या उडतात” म्हणणाऱ्याला सांगावे की मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश घासत असतात, बारीक निळसर ठिणगी उडायचीच. मोठी आणि पिवळी उडू लागली की ब्रश झिजले.

या धंद्याचे निम्मे पोट मिक्सरवर आहे, आणि तो मिक्सर एका न झालेल्या दुरुस्तीतून जन्माला आला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतले अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरातला जर्मन मिक्सर आपल्याकडचे वाटण वाटता वाटता जळाला. माथूरांनी आपल्या स्वयंपाकघराला झेपेल अशी मोटर करायचे मनावर घेतले, १९६३ मध्ये कंपनी काढली, आणि पुढे ‘सुमीत’ घरोघरी गेला. तो जर्मन मिक्सर कोणी नीट दुरुस्त करून दिला असता तर आज आपण काय विकत बसलो असतो, याचा विचार फावल्या वेळात करावा.

मिक्सर उलटा केला की बुडाला एक लहान बटण दिसते, बहुधा लाल. ते ओव्हरलोडचे. मोटरवर ताण येऊन करंट वाढला की ते आपणहून बाहेर येते आणि मिक्सर बंद पडतो. थोडा वेळ थांबून दाबले की पुन्हा चालू. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका खोक्यात असते आणि खोके माळ्यावर.

हातात आलेल्या बंद मिक्सरचे बटण बाहेर आलेले दिसले, की नवशिक्याची खरी परीक्षा सुरू होते. ते गिऱ्हाइकासमोर दाबले तर मिक्सर गुरगुरतो, काकू आनंदतात, आणि मागे उभे असलेले काका विचारतात, “एवढंच?” त्या ‘एवढंच’ला भारतीय चलनात किंमत नाही. फुकट दिले तर चार दिवसांत त्यांची सगळी सोसायटी येते, सगळी लाल बटणासाठीच. दुसरा मार्ग म्हणजे “ठेवून जा, बघतो” म्हणायचे, संध्याकाळी बटण दाबायचे आणि मोटरचे काम निघाले म्हणून पाचशे घ्यायचे. असे करणारे आहेत. त्यांची दुकाने चालतातही, पण जागा बदलत चालतात.

मला पटणारा मार्ग तिसरा आहे. बटण उगीच बाहेर येत नाही, ते का आले ते शोधावे. “काय वाटत होता?” असे विचारावे. उत्तर येते, “नेहमीचंच.” पुन्हा विचारावे. “चटणी.” तिसऱ्यांदा विचारले की हळकुंडे निघतात. हळकुंड फोडायला घरात खलबत्ता असतो, पण तो जड असतो आणि मिक्सर हाताशी असतो. हळकुंडे नसतील तर भांडे हातात घेऊन पाते बोटाने फिरवून पाहावे. सहज फिरले नाही तर बुशमध्ये गेल्या संक्रांतीच्या तिळकुटाचा थर बसलेला असतो. बुश साफ करावा, तेल सोडावे, रबर बदलावे आणि त्याचे पैसे घ्यावेत. बटण त्यातच आले. लोक बदललेल्या वस्तूचे पैसे खुशीने देतात, समजलेल्या गोष्टीचे देत नाहीत. म्हणून काढलेले जुने रबर पुडीत बांधून परत द्यावे. कोणी ते घरी नेऊन काही करत नाही, पण ती पुडी हातात पडली की पाकीट उघडते.

कपलरच्या बाबतीत उलटे होते. मोटर आणि भांडे यांच्यामधली ही दातेरी चकती स्वस्तातली, वरचेवर तुटणारी. “जरा मजबूत नाही का मिळत, लोखंडी?” असे हमखास विचारले जाते. पाते अडकले की कपलरचे दाते जातात म्हणून मोटर वाचते, हे समजावून सांगावे. दोन मिनिटे लागतात, पटते, आणि मग पुन्हा विचारतात, “पण लोखंडी मिळतो का?” कपलर काढताना ध्यानात ठेवावे की बहुतेक मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. पहिला कपलर जोर लावून सगळेच तोडतात.

सुट्या भागांसाठी पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. जुना भाग खिशात घालूनच जावे. एका कंपनीच्या दोन मॉडेलांच्या कपलरचे दाते एकसारखे असतीलच असे नाही, आणि मोबाइलवरच्या फोटोत दाते मोजता येत नाहीत. काउंटरवरचा माणूस “ओरिजिनल देऊ, की ओरिजिनलसारखं?” असे विचारतो. एवढा सच्चा प्रश्न बाजारात दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही.

छताच्या पंख्याचे थोडक्यात. हळू फिरतो किंवा काठीने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणजे बहुधा कंडेन्सर गेला, अडीच एमएफडीचा घालावा. दहा मिनिटांचे काम. शिडी आपली न्यावी. घरचे लोक पलंगावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून देतात आणि खाली उभे राहून तोल कसा सांभाळावा ते सांगतात.

फ्रिजपाशी नवशिक्याच्या सचोटीची कसोटी लागते. “दर दोन वर्षांनी गॅस भरावा लागतो ना?” असे गिऱ्हाईक स्वतःच विचारते, म्हणजे हो म्हणण्याचा मोह किती होत असेल पाहा. गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, खर्च होत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. जुन्या एकदारी फ्रिजमधल्या गळतीचे कारण सांगायला यंत्र लागत नाही. फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर झाला, डीफ्रॉस्टला धीर निघाला नाही, कोणीतरी सुरीने खरवडला, आणि सुरी पातळ ॲल्युमिनियमच्या आरपार गेली. “सुरी लावली होती का?” या प्रश्नाला अख्खे कुटुंब एकमेकांकडे बघते. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, तो पेट घेणारा वायू आहे. तिथे शिकल्याशिवाय वेल्डिंगची ज्योत घेऊन जाऊ नये, यात गंमत काही नाही. दाराचे रबर तपासायला मात्र एक नोट पुरते. ती दारात धरून दार लावावे आणि नोट ओढावी, सहज सुटून आली तर रबर गेले. नोट गिऱ्हाइकाकडून मागून घ्यावी आणि लक्षात ठेवून परत करावी.

वॉशिंग मशीनच्या पंपात नाणी, सेफ्टी पिना आणि बोरवेलच्या पाण्याचा खार सापडतो. नाणी मालकाच्या हातावर ठेवावीत. तेवढ्या पाच-दहा रुपयांनी जो विश्वास बसतो, तो दहा वर्षांच्या अनुभवाची पाटी लावून बसत नाही. गणपतीला घर बंद करून कोकणात गेलेली मंडळी परत आली की आठवडाभर मशीनच्या वायरी कुरतडलेल्या निघतात. बुडाला जाळी बसवून द्यावी, उंदरांना सुट्टी नसते.

एक शब्द शिकून न वापरण्याचा आहे: डायरेक्ट. “थर्मोस्टॅट सारखा जातो, डायरेक्ट करून द्या ना.” “ते लाल बटण त्रास देतं, डायरेक्ट करा.” गीझर डायरेक्ट केला तर पाणी उकळून टाकी फुटू शकते. नाही म्हणावे. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल, जाऊ द्यावे. तीच गोष्ट प्लगच्या जाड पिनेची. ती जाड आणि लांब यासाठी असते, की अर्थिंग आधी जोडले जावे आणि शेवटी सुटावे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कोणी ती कापून आणली, तर प्लग नवा लावल्याशिवाय वस्तू हातात देऊ नये, मग पैसे मिळोत न मिळोत.

खर्च सांगितला की ऐकावे लागते, “एवढ्यात नवीन येईल.” यावर वाद घालू नये. “येईल की,” म्हणून हातातले काम चालू ठेवावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल काढले, म्हणजे दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे हे दिल्लीलाही मान्य आहे. त्या हक्काचा दर मात्र अजून काउंटरवरच ठरतो. “कधी मिळेल?” याचे उत्तर “परवा.” दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, पिठीसाखरेसाठी सगळे मिक्सर एकदम आठवतात तेव्हाही “परवा”च, फक्त आवाज जरा ठाम ठेवावा.

महिन्याभरात न नेलेल्या वस्तूंची जबाबदारी दुकानावर नाही, अशी पाटी लावावी. ती कोणी वाचत नाही. वरच्या फळीवर मिक्सर साठत जातात. बरेचसे दुरुस्त होऊन पडलेले असतात, मधल्या काळात दसऱ्याच्या सवलतीत घरी नवा आलेला असतो. प्रत्येकावर नाव, तारीख आणि सांगितलेला खर्च लिहून चिठ्ठी चिकटवावी. अडीअडचणीला त्यातल्या एखाद्याचा स्विच, एखाद्याचे बटण दुसऱ्याला लावले जाते. सगळेच लावतात. मग दोन दिवाळ्यांनंतर एक आजी येतात. “मिक्सर राहू दे रे दादा, मुलानं नवीन घेतलाय. माझं चटणीचं भांडं तेवढं दे.” भांडे सापडते. झाकण सापडत नाही, ते गेल्या वर्षी भलत्याच मिक्सरबरोबर सहकारनगरला गेलेले असते. तपकीर गल्लीत झाकणे सुटी मिळतात. आजींना बसायला सांगावे, भांड्याच्या तोंडाचे माप घ्यावे आणि उद्याच्या यादीत लिहून ठेवावे.