पितळी पट्टीच्या शोधात

विमानतळावर बुटांच्या तळव्यांची माती तपासणारा न्यूझीलंड घराच्या खिडक्यांना जाळ्या मात्र फारशा लावत नाही. परदेशी बी आत येता कामा नये. देशी माशीला मुभा आहे. याचा संबंध खिडकीच्या यंत्रणेशी असेल, हे आमची खिडकी मोडेपर्यंत कधी मनातही आलं नव्हतं.

अमेरिकेतल्या आतेभावाला मोडक्या भागाचा फोटो पाठवला, तर त्याचा उलट प्रश्न, ‘फिरवायचं हँडल कुठंय?’ त्यांच्याकडे बाहेर उघडणाऱ्या खिडकीला आतून जाळी असते, हात बाहेर जात नाही. म्हणून दातेरी चाकं बसवून खिडकी हँडलने उघडायची. इथे सगळा कारभार हाताने. खिडकी ढकलायची, तळाच्या पितळी पट्टीचं हवं ते भोक चौकटीवरच्या खुंटीत अडकवायचं, झालं. आमची पट्टी नेमकी भोकापाशी तुटली, आणि तेव्हापासून खिडकी ऑकलंडच्या वाऱ्याच्या मर्जीने उघडते, मिटते आणि आपटते.

पुण्यात असतो तर तुकडा खिशात टाकून बोहरी आळी गाठली असती. तिथे नाही तर जुना बाजार. इथेही कारागीर मिळतो, पण त्याची तासाची मजुरी ऐकली की माणूस स्वतःच कारागीर होतो. तशी या देशाची परंपराच आहे म्हणा. 1937 साली वेलिंग्टनच्या मिरामार भागात पहिलं सरकारी घर भाडेकरूंना दिलं, तेव्हा त्यांचं जेवणाचं टेबल खुद्द पंतप्रधान मायकेल जोसेफ सॅव्हेज यांनी आत वाहून नेलं. जिथे पंतप्रधान हमाली करतात, तिथे एका पट्टीसाठी माणूस कुठून बोलावणार?

बरं, विषय क्षुल्लक म्हणावा तर तसंही नाही. 2019च्या नियमांप्रमाणे भाड्याच्या घरात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या निदान 5 टक्के हवं, आणि खिडकी उघडी ठेवता आली पाहिजे. म्हणजे पट्टीला कायद्याचं पाठबळ आहे. पण आमचं घर स्वतःचं, म्हणजे बँकेचं. आणि बँकेला वाऱ्याशी कर्तव्य नाही.

हार्डवेअरच्या दुकानात नव्या पट्ट्या मिळतात. चकचकीत, 300 मिलिमीटरच्या. आमची जुनी 12 इंची, म्हणजे 305 मिलिमीटर. पाच मिलिमीटरचं कुणाला काय, असं वाटतं. पण भोकांची जागाही सरकलेली असते. मग खुंटी उपटा, नवी भोकं पाडा, जुनी बुजवा, वर रंग लावा. शेजारच्या आजोबांनी यावर आठ नंबरची तार सुचवली. कुंपणाची ही चारेक मिलिमीटर जाडीची तार म्हणजे इथल्या माणसाचा स्वाभिमान. आपल्याकडे सुतळी जी कामं करते, ती सगळी तिच्याकडे. त्यांनी स्वतःच ती बांधून दिली, आणि दोन पावलं मागे सरून कौतुकाने पाहिलीही.

तरी मी पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्या आवारात गेलोच. तिथल्या माणसाने तुकड्याकडे नजरही टाकली नाही. त्याचा पहिला प्रश्न, ‘घर कोणत्या काळातलं?’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं असेल तर खिडकी दोरी-वजनावर वरखाली सरकणारी, तिला पट्टीच नाही. 1970 नंतरचं असेल तर अॅल्युमिनियमची, तिचे सांधे चौकटीत लपलेले. 1920च्या दशकातलं म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. वधूपक्षाशी पत्रिका जुळल्यासारखा तो मला आतल्या शेडमध्ये घेऊन गेला.

पट्टी तिथे होती. हुबेहूब. पण ती एका अख्ख्या खिडकीला लावलेली होती, आणि सुटी विकायला तो तयार नव्हता. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या रंगीत काचा, हिरवं पान, मधे पिवळं फूल. भाव केला, गाडीत घातली.

खिडकी आता आमच्या गॅरेजमध्ये आहे. इतक्या देखण्या वस्तूची पट्टी उपटायची नाही, असं सौ.चं ठाम म्हणणं आहे, आणि तिला अडकवण्याजोगी भिंत ती शोधते आहे. आजोबांची तार उत्तम चालली आहे.