पयले हवा पाह्यली का?

आमच्या आंबागड गावात कुठलंही यंत्र बिघडलं की मिस्त्री यायच्या आधी लेवलमामाजी येतात. त्यांना कुणी बोलावत नाही. यंत्राचा आवाज बदलला की त्यांच्या हातातला घास आपोआप ताटात परत जातो. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा, खिशात खडूचा तुकडा आणि लाकडी फूटपट्टीचा अर्धा भाग. अर्धाच का, तर उरलेले सहा इंच त्यांच्या मते फक्त मास्तरांच्या कामाचे. खरं नाव मतदार यादीत असेलच, पण गावात ते कुणी घेत नाही. असा मामाजी तुमच्याही गावात असेल. आमचा आमच्या गावाच्या दैवात आला, एवढंच.

चिखल्याच्या मँगनीज खाणीत ते फिटर होते. रिटायर झाले तेव्हा हारतुरे खाणीत राहिले आणि सवयी घरी आल्या. त्यातली पक्की सवय किल्लीची. यंत्र बंद, किल्ली आपल्या खिशात, मगच यंत्राला हात. घरातला मिक्सर अडला तर ते प्लग काढतात, वायर गुंडाळून काखेत धरतात आणि मगच भांडं उघडतात. मामीजी तोवर चटणी पाट्यावर वाटून मोकळ्या होतात.

दुसरी सवय प्रश्नाची. "पयले हवा पाह्यली का?" ट्रॅक्टर असो, सायकल असो, त्यांची तपासणी टायरपासून सुरू होते आणि जमिनीकडून वर वर जाते. ज्याला टायर नाही त्यालाही हाच प्रश्न, फक्त अर्थ बदलतो. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन एका आजीचा अंगठा घेईना, तेव्हा सगळी रांग नेटवर्कला शिव्या देत होती. मामाजींनी आजीचा हात उलटा करून पाहिला. पंधरा दिवस रोवणीच्या चिखलात पऱ्हे खोचून बोटांच्या रेघा झिजून गेल्या होत्या. "नेटवर्क कायले पाहता? पयले बोट पाहा," असं म्हणून त्यांनी आजीला दुसऱ्या हाताचं मधलं बोट लावायला सांगितलं. मशीनने ते घेतलं. रांगेतल्या लोकांना आनंद झाला, मामाजी मात्र जरा हिरमुसले. दोष फार लवकर सापडला होता.

हीच त्यांची खरी गंमत. दुरुस्तीत त्यांना रस नाही, निदानात आहे. पाना ते हातात धरत नाहीत; "माझी ड्युटी संपली, आता तोंडाची ड्युटी," म्हणतात. आणि जगात त्यांचा एकच वैरी आहे, तो म्हणजे "चालते ना जी" म्हणणारा माणूस. नट एक आटा कमी बसला, चालते ना जी. दार घासते, चालते ना जी. हे ऐकलं की मामाजी गावामागच्या किल्ल्याकडे बोट करतात. देवगडच्या बख्त बुलंदाच्या राज्यात सुभेदार राजाखान पठाणाने 1700 च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्यात कैदी ठेवले. "चालते म्हनून बांधला असता," मामाजी विचारतात, "तर कैदी भितीतून निंगून नसते गेले?"

तर गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री दंडार होते, नाटक होते. मंडईची जागा म्हणजे गावचं आखर. पूर्वी सकाळी सगळी ढोरं आखरावर गोळा व्हायची, तिथून रानात जायची, आणि जाता-येता आखराचं गवत साफ करून टाकायची. मग घरोघरी ट्रॅक्टर आले, बैल गेले, गाईही कमी झाल्या आणि आखरावर गुडघाभर गवत माजलं. ट्रॅक्टरने वाढवलेलं हे गवत कापायला शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागला. तुमसरकडच्या एका लॉनवाल्याकडे मॉवर होता. हा आपला शेतातला स्लॅशर नव्हे. स्लॅशरचं काम झुडपं झोडपायचं. मॉवर म्हणजे एका पसरट पत्र्याखाली ओळीने तीन पाती, वरून पट्टा, चार कोपऱ्यांना चार छोटी चाकं. लग्नाच्या लॉनवरची हिरवळ गालिच्यासारखी दिसावी म्हणून घेतलेला. तासाच्या बोलीवर तो ट्रॅक्टरसकट ठरला.

ड्रायव्हर पोरगेलासा, कानात हेडफोन. त्याने चार फेऱ्या मारल्या आणि मंडईची कमिटी गप्प झाली. डावीकडे गवत मुळापासून खरवडलेलं, उजवीकडे बोटभर उंच, आणि दर फेरीच्या मधोमध एक उभी पट्टी जशीच्या तशी. कमिटीतल्या एकाने लगेच निकाल दिला, "चालते ना जी, रात्री कोन पाहते?"

तेवढ्यात मामाजी आले.

"किल्ली काढ."

"काऊन जी?"

"काढ म्हनतो ना बा." किल्ली त्यांच्या खिशात गेली. पाती थांबेपर्यंत त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. इंजिन बंद झालं तरी पातं आपल्या वेगाने फिरत राहतं, आणि अशा फिरत राहिलेल्या यंत्रांच्या गोष्टी त्यांनी खाणीत बऱ्याच ऐकल्या आहेत.

"मामाजी, टॉप लिंक जराशी फिरवली का झालं," ड्रायव्हर म्हणाला. "मी व्हिडिओत पाह्यलं हाये."

"व्हिडिओतल्या टायरमंधी हवा किती होती?"

ड्रायव्हरने एक हेडफोन काढला. कुणीतरी सायकलच्या दुकानातून गेज आणला. उजव्या मागच्या टायरात चौदा पौंड, डाव्यात आठ. ट्रॅक्टरच डावीकडे झुकलेला, मग त्याच्या मागे बांधलेला मॉवर कसा सरळ राहणार? मामाजींनी गर्दीकडे असं पाहिलं, की बाकीचं आता तुम्हीच समजून घ्या. गर्दीला वाटलं, संपलं. लोक उठून कपडे झटकू लागले. मामाजी म्हणाले, "बसा. आता सुरू झालं."

हवा भरून झाली, तरी उजवी बाजू उंचच. मामाजी मागच्या दोन लिफ्ट हातांपाशी उकिडवे बसले. उजव्या हाताच्या दांडीला एक फिरकी असते. ती फिरवली की तो हात वर-खाली होतो. "यच्या आंधी काय लावलं होतं?" ड्रायव्हरला आठवेना. मामाजींना न पाहता ठाऊक होतं. नांगर. नांगरताना उजवं चाक तासात उतरतं, ट्रॅक्टर कलतो, म्हणून नांगर सरळ राहावा यासाठी उजवी दांडी वर घ्यावी लागते. नांगर सुटला, दांडी तशीच राहिली. म्हणजे डावीकडे टायर खाली आणि उजवीकडे दांडी वर, दोन्ही दोष एकमेकांना साथ देत होते. मामाजींच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसलं ते नातवाच्या बारशालाही दिसलं नव्हतं.

मग मापं सुरू झाली. टोकाच्या दोन्ही पात्यांची टोकं आडवी करून प्रत्येकाचं जमिनीपासूनचं अंतर त्यांनी अर्ध्या फूटपट्टीने मोजलं; खडूने पत्र्यावर आकडे लिहिले. डावं-उजवं सूतभराच्या आत आलं पाहिजे. मग पुढचं-मागचं. पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा दोन ते चार सूत खाली हवं, म्हणजे गवत एकदाच कापलं जातं. मागचं खाली गेलं की कापलेलंच गवत पुन्हा रगडलं जातं आणि इंजिनचा जीव जातो. हे काम टॉप लिंकचं. "आता फिरव तुही टॉप लिंक," त्यांनी ड्रायव्हरला परवानगी दिली. पोराला इतका आनंद झाला, की त्याने ती उलटीच फिरवली.

ती सुलट फिरवून घेताना लिफ्टची चूक बाहेर आली. ड्रायव्हरने मॉवर हायड्रॉलिकवर लटकवून चालवला होता, म्हणजे ट्रॅक्टर जिथे डोलेल तिथे मॉवर डोलणार. खरं तर मॉवरने स्वतःच्या चार चाकांवर टेकून जमिनीबरोबर चाललं पाहिजे. ती चाकं पाहिली तर तिन्हींच्या पिना तिसऱ्या भोकात आणि एकाची दुसऱ्यात.

"मामाजी, आता तरी झालं ना?" कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं. मंडपवाला खुर्च्यांची गाडी घेऊन कधीचा उभा होता.

"मधली पट्टी?"

ती होतीच. मॉवर उचलून खाली लाकडी ओंडके लावले. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर त्यांनी कुणाला खाली वाकू दिलं नाही. मधलं पातं हाताने वर-खाली हलवून पाहिलं, बेअरिंग शाबूत. पट्टा दाबून पाहिला, ताणलेला. वाकलं असेल म्हणून टोक फिरवून दोन्हीकडे मोजलं, सरळ. मामाजी थोडे चिंतेत पडले आणि चिंतेत ते फार तरतरीत दिसतात. मग त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं. पात्याच्या टोकामागची कड वर वळलेली असते. ती फिरताना वारा ओढते, गवताला उभं करते, मग धार त्याला कापते. ही कड खाली होती. कुणीतरी धार लावून पातं उलटं बसवलं होतं. ते गवताला उभं करायच्या ऐवजी चेपत होतं. "आडवं करून वरून चाललं हे," मामाजी म्हणाले, "पोलीस वानाचं."

एकसारखं गवत कापायचा हा हट्ट आपल्याकडचा नाहीच. हिरवळ कापायचं पहिलं यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने 1830 साली केलं, तेही गिरणीत कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून. मी हे मामाजींना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "कापड मेजावर ठेवून कापते ना? मेज सपाट असते. आमचं आखर सपाट हाये का?"

हाच दोष शेवटी उरला. पातं सुलट बसलं, ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये, पाती फिरवणारा पीटीओ मिनिटाला पूर्ण पाचशे चाळीस फेऱ्यांवर, आणि गवत खरंच एका पातळीत कापलं जाऊ लागलं. फक्त विहिरीकडच्या अंगाला जुन्या बैलबंड्यांच्या चाकोऱ्या होत्या. तिथे उंचवटे सोलले जात आणि खळग्यांत गवत उभं राही. लोकांनी मामाजींकडे पाहिलं. "तो जमिनीचा दोष," त्यांनी जाहीर केलं, "माह्या डिपार्टमेंटचा नाही."

पैशांचा प्रश्न संध्याकाळी निघाला. ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता, कमिटी ट्रॅक्टरचं मीटर. घड्याळाप्रमाणे अख्खा दिवस, मीटरप्रमाणे जेमतेम चहापाण्याएवढा वेळ. किल्ली मामाजींच्या खिशात असताना मीटर कसं पळणार? ड्रायव्हर म्हणाला, किल्ली तुम्ही घेतली, माझा दिवस गेला. अध्यक्ष म्हणाले, चुका तुझ्या होत्या. दोघं चढ्या आवाजात बोलू लागले तसे मामाजी पुढे झाले.

"हे मीटर घड्याळ नोहे," ते शांतपणे म्हणाले. "याची तार इंजिनच्या फेऱ्यांवर चालते. इंजिन ठरल्या आरपीएमवर फिरलं तरच याचा एक तास खरा एक तास. तू पयल्या चार फेऱ्या कमी आरपीएमवर मारल्या, म्हनून मीटरनं कमी धरलं. आणि पीटीओबी कमी फिरला, म्हनून गवत धड कापलं नाई. म्हंजे मीटर बरोबर बोलून रायलं. जेवढं काम, तेवढे पैसे."

कमिटीने टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर डोकं खाजवत उभा राहिला आणि मग, बिचाऱ्याला काय बुद्धी झाली कोण जाणे, म्हणाला, "पन मामाजी, मीटरची तारच ढिली असन तर?"

मंडपवाल्याने कपाळाला हात लावला. अध्यक्ष घाईघाईने नोटा मोजू लागले, घड्याळाच्या हिशेबाने. पण मामाजींनी खिशातून खडू काढला होता.

"बसा," ते म्हणाले. "पयले बॉनेट उघड."