कोलोनला नावे ठेवताना

ऱ्हाइन नदीकाठचे कोलोन हे जर्मन शहर मराठी घरांना नकाशाआधी तापातून माहीत झाले. तापलेल्या कपाळावर ज्या कोलनवॉटरच्या घड्या ठेवत, ते याच गावच्या नावाचे. अठराव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या योहान मारिया फारिना या इटालियन गृहस्थाने आपल्या सुगंधी पाण्याला नव्या गावाचे नाव दिले. हे पाणी मुख्यतः मद्यार्कच असते. नावावर जाऊ नये, हा या शहराचा पहिला धडा.

दोन दिवसांच्या सहलीला ऑगस्टअखेर बरी. सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ‘अंधार पडला, आता परतू’ ही सबब चालत नाही. सहलीला किमान दोन व्यक्ती लागतात: एक बेत आखणारी आणि दुसरी त्या बेताला नावे ठेवणारी. मैत्री जुनी असल्यास या भूमिका दर जेवणानंतर बदलतात.

मुख्य रेल्वे स्थानकाबाहेर पडताच कॅथेड्रल समोर उभे राहते. ते शोधावे लागत नाही, त्यामुळे बेत आखणाऱ्याचे पहिले श्रेय तिथेच बुडते. १२४८ मध्ये सुरू झालेले बांधकाम सोळाव्या शतकात थांबले आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी यारी तशीच राहिली. पुढची सुमारे तीनशे वर्षे तीच शहराची ओळख होती. काम १८४२ मध्ये पुन्हा सुरू होऊन १८८० मध्ये संपले. एकूण ६३२ वर्षे. चौकातल्या रखडलेल्या उड्डाणपुलावर चिडलेल्या माणसाला या आकड्याने धीर येतो, मात्र तो कंत्राटदाराच्या कानी पडू देऊ नये.

मनोरे १५७ मीटर उंच आहेत. दक्षिण मनोऱ्यावर जायला ५३३ पायऱ्या असून प्रवाशांसाठी लिफ्ट नाही. पहिल्या शंभर पायऱ्या दोघे बोलतात, दुसऱ्या शंभर एकच बोलतो, पुढे कोणीच बोलत नाही. वाटेत संत पीटरची २४ टनांची घंटा लागते. दम परत येईपर्यंत तिचे कौतुक करता येते.

उतरल्यावर भूक लागते आणि नावांचा घोळ पुन्हा सुरू होतो. ‘हाल्वे हान’ म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा. प्रत्यक्षात येतो राय धान्याचा पाव, चीज, मोहरी आणि कांदा. मांसाहारी मित्र हिरमुसतो. शाकाहारी मित्र नाव ऐकूनच उपाशी बसलेला असतो. ‘स्वर्ग आणि पृथ्वी’ या पदार्थात स्वर्ग सफरचंदाचा, पृथ्वी बटाट्याची आणि सोबत रक्ताचे सॉसेज. नावावर भाळलेल्या शाकाहाऱ्याला स्वर्ग दोन बोटे उरतो.

‘क्योल्श’ हे येथील बोलीचे नाव आणि बिअरचेही. ज्या भाषेत बोलायचे तीच प्यायची, अशी सोय अन्यत्र क्वचितच असेल. पेला २०० मिलिलिटरचा. तो रिकामा होताच ‘क्योबेस’ म्हणजे वाढपी न विचारता दुसरा आणतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारतो. पंगतीत पानावर आडवा हात धरतात, तसा इथे पेल्यावर पुठ्ठा ठेवायचा. तोवर आग्रह थांबत नाही. शेवटी रेघा मोजल्या जातात. जास्त रेघा नेहमी दुसऱ्याच्याच असतात.

होहेनझोलर्न पुलाच्या जाळीवर प्रेमी जोडपी कुलपे लावून किल्ली ऱ्हाइनमध्ये टाकतात. दोन मित्रांमध्ये अशी प्रथा नाही. त्यांच्यात कुलूप एकच, बॅगेचे, आणि किल्ली कोणाकडे होती यावर दोघांचे एकमत होत नाही.

राहता राहिले शहराचे नाव. इ. स. ५० मध्ये रोमनांनी दिलेल्या लांबलचक नावातला ‘कोलोनिया’ हा शब्द तेवढा टिकला. त्याचा अर्थ वसाहत. पुण्या-मुंबईतली ‘कॉलनी’ त्याच लॅटिन शब्दावरून आली. व्हिसा, विमान आणि ५३३ पायऱ्या यांचा हिशेब मांडला, तर दोन मित्र एका कॉलनीतून दुसऱ्या कॉलनीत जाऊन आले, एवढेच.