वरातीमागून मिडी

गिटारला मिडी पिकअप बसवा, तिच्यातून बासरी, सनई, अख्खा ऑर्केस्ट्रा निघेल, असं जाहिरात सांगते. निघतो की! फक्त वरातीमागून घोडं यावं तसा.

मग सगळे संगणकाला धारेवर धरतात. बफर १०२४ वरून १२८ वर आणा, ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, यूएसबीची केबल बदला. या खटाटोपात रविवार जातो. उशीर थोडा कमी होतो, पण खर्जाची तार रेंगाळतेच. तिचं कोणी ऐकूनच घेत नाही. तिची कंपनं सेकंदाला जेमतेम ८२. एक कंपन पुरं व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. सूर कोणता हे ओळखायला यंत्राला एखाद-दोन कंपनं तरी बघावीच लागणार. भौतिकशास्त्राचा ड्रायव्हर अजून कोणी अपडेट केलेला नाही.

तार खेचण्याची तऱ्हा आणखी न्यारी. गिटार १२ अर्धस्वरांच्या हिशेबाने पिचबेंड पाठवते, सॉफ्टवेअर आपलं २ धरून बसतं. बोट सोलून निघालं तरी सूर जागचा हलल्यासारखा वाटत नाही. आणि सहा तारा एकाच चॅनेलवर कोंबल्या असतील, तर एकीला खेचलं की वाजत असलेल्या साऱ्याच कण्हतात. यावर जाणकारांचं ठरलेलं निदान: ‘तुमचा हात स्वच्छ नाही.’

शेवटी बरेच जण बासरी-सनईचा ट्रॅक माउसने एकेक सूर टिचकवून भरतात. गिटार मांडीवर असते, फोटोपुरती.