काळी वायर : साहित्य आणि कृती

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या आसपास ज्यांची गाडी उघड्यावर उभी असते, त्यांना गंजाची ओळख करून द्यावी लागत नाही. हवेत मीठ, चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने शेजारच्या टॉवरची धूळ. अशा हवामानात एके दिवशी तुम्ही चावी फिरवता आणि गाडी फक्त ‘टक्’ म्हणते. दुसऱ्यांदा फिरवली तर तेवढंही म्हणत नाही. आपला अभ्यासक्रम इथून सुरू होतो.

‘टक्’ ऐकताच सोसायटीतले तीन गृहस्थ आपोआप जमतात. पहिले म्हणतात, ‘बॅटरी गेली.’ दुसरे म्हणतात, ‘सेल्फ गेला.’ तिसरे म्हणतात, ‘विकून टाका.’ ‘आधी अर्थिंग बघा’ म्हणणारा चौथा माणूस सहसा कुठल्याच सोसायटीत नसतो. ती जागा रिकामी आहे आणि ती तुम्हाला भरायची आहे.

थोडी थिअरी (टाळता येणार नाही)

बॅटरीच्या लाल टोकातून करंट निघतो, सेल्फ फिरवतो, दिवे लावतो, हॉर्न वाजवतो. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण तो काम करून परत काळ्या टोकाला पोचला तरच पुढचा निघतो, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. परतीसाठी प्रत्येक दिव्याला वेगळी वायर कोण टाकणार? म्हणून गाडीच्या पत्र्यालाच वायर मानतात; या परतीच्या वाटेचं नाव अर्थिंग. बॅटरीची काळी वायर बॉडीला आवळतात आणि बॉडीपासून इंजिनापर्यंत आणखी एक जाड पट्टी टाकतात. ही दुसरी पट्टी हवीच, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही.

मुंबईकराला हे कळायला अवघड नाही. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली, तेव्हापासून हाच प्रकार चालू आहे. वीज वरच्या तारेतून येते, मोटर फिरवते आणि चाकांतून रुळांत उतरून माघारी जाते. वरच्या तारेचं सगळ्यांना कौतुक. रुळांची आठवण येते ती पावसात, ते दिसेनासे झाल्यावर.

त्याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि आमच्या बाबांची पद्मिनी तिथलीच. ही विद्या मी तिच्यावर शिकलो. पद्मिनीनं काही तक्रार केली नाही, धूर तेवढा काढला.

साहित्य

वेल्डिंगची मऊ, बहुतारी तांब्याची केबल, 25 किंवा 35 स्क्वेअर एमएम, हात-दीड हात. कल्हई केलेले तांब्याचे दोन लग. हीट श्रिंक स्लीव्ह. पॉलिश पेपर. खाण्याचा सोडा. व्हॅसलिन. 10 नंबरचा पाना. आणि बोल्ट 10 चा नाही हे कळल्यावर 13 चा. मल्टिमीटर. लोहार चाळीत केबल आणि लग मिळतात, पण दुकानदार आधी विचारतो, ‘किती पेटी?’ दोन नग म्हणायची लाज वाटू देऊ नका.

वेळ : लिहिल्याप्रमाणे अर्धा तास, प्रत्यक्षात एक रविवार.

नवशिक्यांची लाडकी चूक

घराचं वायरिंग झाल्यावर उरलेली अडीच स्क्वेअरची वायर माळ्यावर असतेच. ‘एवढा गीझर चालतो तिच्यावर, बारा व्होल्टची बॅटरी ती काय!’ हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे, त्यामुळे ते कुठे नेतं ते सांगू शकतो.

दोन किलोवॉटचा गीझर घरच्या 230 व्होल्टवर जेमतेम नऊ अँपिअर ओढतो. व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच ताकदीला अँपिअर जास्त लागतात, त्यामुळे बारा व्होल्टवरचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज मागतो. वायर तापते ती अँपिअरनं. व्होल्ट किती, याचं तिला सोयरसुतक नसतं. अडीच स्क्वेअरच्या एक मीटर वायरीत दीडशे अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच संपतो आणि दीडशे वॉट नुसते उष्णतेत जातात. चार-पाच सेकंद सेल्फ मारा, वायरीचं प्लॅस्टिक मऊ पडतं. 25 स्क्वेअरच्या केबलमध्ये हाच तोटा एक दशांश व्होल्टवर येतो.

आमच्याकडे आधीच इंजिनाची पट्टी गंजून तुटलेली होती. करंटला घरी जायचंच असतं, वाट मोठी की छोटी तो बघत नाही. त्यानं इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत जाणारी चोकची तार पकडली. मी चोक ओढायला हात घातला आणि तेवढ्याच चपळाईनं मागे घेतला. क्लचची नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरची केबल विनाकारण गरम लागली, तर केबलवाल्याला शिव्या घालू नका. इंजिनाचं अर्थिंग बघा.

कृती

1. गाडी बंद, चावी खिशात. आधी काळी वायर सोडा, मग लाल. जोडताना उलट : आधी लाल, शेवटी काळी. काळी जोडलेली असताना लाल सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरी तो पाना वेल्डिंगला घेते. बॅटरीतून हायड्रोजनही सुटतो, म्हणून जवळ ठिणगी नको, सिगारेट नको आणि अंगठीही काढून ठेवा.

2. टर्मिनलवर पांढरी-हिरवी फुलं आली असतील तर कोमट पाण्यात सोडा कालवून धुवा. फेस येईल. तो बघायला सोसायटीतली मुलं येतील, त्यांना लांब उभं करा. तिथे सल्फ्युरिक अ‍ॅसिड आहे.

3. केबलचं टोक लगच्या खोलीइतकंच सोला. लग क्रिंपिंग टूलनं दाबा. हातोडीनं ठोकलेला लग दिसतो घट्ट, पण दोन पावसाळ्यांत आतून हिरवा पडतो. टूल नसेल तर केबल घेऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. तो एका मिनिटात दाबून देईल, पैसे घेणार नाही आणि ‘स्वतः करताय?’ असं मात्र विचारेल. ओढून बघा, सुटला तर दाबला नव्हता. मग स्लीव्ह चढवून गरम करा.

4. बॉडीवर जिथे बोल्ट बसणार, तिथला रंग नाण्याएवढ्या जागेत पार खरवडा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. इथे नवशिक्याचा हात थरथरतो. ज्या गाडीवरचा एक ओरखडा बघून तुम्ही वॉचमनला तासभर झापलं होतं, तिला स्वतः ओरखडायचं असतं. पण रंग हा रबराचाच भाऊ, करंट जाऊ देत नाही.

5. बोल्ट आवळा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन फासा, पावसाच्या आणि मिठाच्या नावानं. तसंच इंजिनाच्या पट्टीचं करा.

एक अपवाद. नव्या गाड्यांत, विशेषतः सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्यांत, काळ्या टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. तिथे घरगुती केबल लावून शहाणपणा करू नका.

परीक्षा

आता मल्टिमीटर. केबल काढून तिचा रेझिस्टन्स मोजायच्या भानगडीत पडू नका. शंभर तारांतली एकच शिल्लक असली तरी मीटर ‘सगळं ठीक’ म्हणतो. गणपती मंडळासारखंच आहे हे : यादीत चाळीस कार्यकर्ते, मूर्ती उचलायला चार. ओझं पडल्याशिवाय खरं कळत नाही.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि घरातल्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असेल तर पास. अर्ध्याच्या वर गेला तर पहिल्या पायरीपासून पुन्हा.

आमची पद्मिनी माझ्या अडीच स्क्वेअरवर 0.9 दाखवत होती. जाड केबल टाकल्यावर आकडा 0.1 वर आला आणि जुनी, ‘गेलेली’ बॅटरी पुढे दोन वर्षं चालली. ‘बॅटरी गेली’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या गाडीला नवी बॅटरी घातली होती. त्यांची गाडी अजून ‘टक्’च म्हणत होती.

तेव्हा दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, काळी वायर उघडा, घासा, पुन्हा आवळा. लाल वायरीकडे बघायला बाकीची सोसायटी आहेच.